कडुबाची राखण

"अपील करा म्हणून मी घसा फोडतेय, आणि तुम्हाला तुरुंगात जायची घाई!" दमयंतीबाई वकिलांनी वैतागून फाईल मिटली.

क्रांती चौकातल्या त्यांच्या ऑफिसात कडुबा हवालदार खुर्चीच्या कडेला टेकला होता. ताब्यातला कैदी हलगर्जीपणानं निसटू दिला, म्हणून कोर्टानं त्याला साध्या कैदेची शिक्षा सुनावली होती.

"खुनाचा आरोपी आणि सोबत एकच पोलीस? दुसऱ्याला साहेबांनी टँकरच्या बंदोबस्ताला धाडलं. जबाबदारी त्यांची आहे."

"बेडी साहेबानं नव्हती काढली, मॅडम. म्या काढली."

ते खरंच होतं. सिल्लोडहून तारीख करून परतताना एस.टी. फाट्यावर थांबली, तिथं टँकर उभा होता. कैदी फकिरा म्हणाला, घसा कोरडा पडलाय. त्या दुष्काळात पाणी मागणाऱ्याला नाही कोण म्हणणार? कडुबानं बेडी काढली, फकिरानं ओंजळ धरली, आणि हंडे घेऊन आलेल्या गर्दीत जो गडप झाला तो झालाच.

नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण कडुबाची झोप उडवली होती ती एका पोरीनं. फकिरानं बायकोला मारलं ते त्यांच्या लेकीनं, तनुजानं, डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता. एस.टी.त बसल्या बसल्या फकिरा हसत म्हणाला होता, "सुटलो की आधी पोरीचं तोंड बंद करतो."

तेव्हापासून कडुबाला तो कुठंही दिसायचा. पाण्याच्या रांगेत, रिक्षात, एकदा तर स्वतःच्या अंगणात. धावत जाऊन खांदा धरावा तर भलताच माणूस. लोक म्हणायचे, हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पोर फकिराच्या आईकडं, भामाबाईकडं राहायची. पुंडलिकनगरच्या पलीकडं, जिथं शेतांचे प्लॉट पडत होते तिथं. कडुबा रोज तिच्या दारासमोर जाऊन बसायचा. कैद्याची राखण जमली नाही, निदान पोरीची तरी करू, एवढंच त्याच्या मनात. भामाबाई कधी चहा द्यायची, कधी नुसतीच बघायची. पण ती घाबरलेली कधी दिसली नाही. दार सताड उघडं, पोर दिवसभर रस्त्यावर. कडुबानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. म्हातारीनं लेकाला दडवलंय, तो कुठं आहे ते तिला ठाऊक आहे. शेवटी आईच ती.

शिक्षा भोगायला हजर व्हायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा गेला. अक्षय्य तृतीया होती. घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी पुजल्या होत्या. प्यायची मारामार असताना भामाबाईनंही तीन घागरी काठोकाठ भरल्या होत्या. तनुजा बाहेर खेळत होती.

कडुबानं म्हातारीचे पायच धरले. "मावशी, उद्या म्या आत चाललो. पोरीवर नजर ठेवाया कुणी नाय. कुठं हाय तो, सांगा. माझ्यासाठी नगा, तिच्यासाठी सांगा. तिला काय झालं तर मला जगवायचं नाय."

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तिला माझ्याबिगर कोण हाय, जमादार? म्हणून गप ऱ्हायले. तुमाला जेल झाली तरी गप ऱ्हायले. लई पाप केलं, माफी करा."

"म्हंजी इथंच हाय व्हय तो?"

ती घागरींकडं वळली. "ही मालकाची. ही सुनंची."

"अन् तिसरी?"

"पळाला त्याच दिशी आला व्हता, कोयता घिऊन. पोर कुठंय म्हणला. मागचा कोरडा आड प्लॉटवाले बुजवणारच व्हते. म्या म्हणलं, आडात लपलीया. तो वाकून बघाया लागला."