शेजारच्या सीटचा ब्रेक

एल्डनने मित्र ऑर्विलच्या मदतीने पासष्ट सालच्या गाडीचे पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून हलक्या दाबानेही पकडणारे डिस्क ब्रेक बसवले. "आता हे झिजलेलं मॅटही फेक," ऑर्विलने नवं मॅट पुढे केलं. शेजारच्या सीटपुढच्या त्या मॅटला एल्डनच्या बायकोच्या टाचेने खळगा पडला होता. प्रत्येक उतारावर ती तिथे पाय दाबून ओरडायची, "एल्डन, थांबव!" तिला जाऊन वर्ष झालं होतं. "आधी चालवून बघू," एल्डन पुटपुटला. तळ्याकडच्या उतारावर त्याने जुन्या ब्रेकच्या सवयीप्रमाणे लांबूनच सारा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी जागीच थांबली. थांबायची पाटी अजून तीन घरं पुढे होती. "मारतोस का रे, म्हाताऱ्या!" ऑर्विल किंचाळला. एल्डन खाली बघून खदखदून हसला. ऑर्विलची टाच नेमकी त्याच खळग्यात होती. ऑर्विलने नवं मॅट मागे फेकलं. "राहू दे जुनंच. इथेही ब्रेक हवाच."