उत्कलनबिंदू

वर्षापूर्वी घाटाच्या उतारावर नोरीनच्या नवऱ्याची, क्लेटनची गाडी कठडा तोडून सरळ खाली गेली आणि तो दगावला. रस्त्यावर ब्रेक लावल्याची एकही खूण नव्हती, असं शेरिफने सांगितलं.

आज शाळा सुटल्यावर नोरीनने आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विजेची शेगडी लावली. क्लेटनने ऑनलाइन मागवलेल्या बाटलीत उरलेलं ब्रेक ऑइल तिने चंचुपात्रात ओतलं.

"माझं स्वतःचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तरी भाऊसाहेबांना सगळं घरपोच हवं असायचं," तिचा दीर लोवेल म्हणाला. "पाइप शाबूत, पॅड शाबूत. म्हणजे हे तेलच बनावट."

"बनावट असेल तर लवकर उकळेल. उतारावर ब्रेक तापले, तेल उकळलं, की ब्रेक लागतच नाहीत," नोरीन म्हणाली.

पारा शंभरापुढे गेला. मग दीडशे, दोनशे. तेल स्थिर होतं. बाटलीवर छापलेल्या आकड्यापाशी आल्यावरच ते उकळलं.

"थर्मामीटर बिघडलाय तुझा."

"नाही."

"मग दुसरा लाव. बनावटच आहे ते, नोरीन. असायलाच हवं."

तिने दुसरा थर्मामीटर लावला. तोही तेच सांगत होता.

नोरीनने शेगडी बंद केली. वर्षभर ती या बाटलीला शिव्या देत झोपत आली होती.

तेल अस्सल होतं. क्लेटनने दाबले असते, तर ब्रेक लागले असते.