मागे केलेला हात

“अहो, किती वेळा फाटकापर्यंत जाल? यायची तेव्हा येईल गाडी,” शालिनीबाई म्हणाल्या. पण दादासाहेबांचा पाय ठरत नव्हता. मंत्रिपद जाऊन वर्षं लोटली होती, दारची वर्दळ आटली होती, आणि आज त्यांनीच मंजूर केलेल्या पुलापलीकडच्या गावानं वाचनालयाच्या उद्घाटनाला बोलावलं होतं. विसरले तर नसतील? त्यांनी पुन्हा एकदा टोपी बदलली.

शेवटी आली ती हेडमास्तरांची छोटी गाडी. शालिनीबाई पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या.

व्यासपीठावर सरपंचबाईंनी झेंडूचा हार घातला. दादासाहेबांनी तो लगेच काढला आणि न बघताच हात मागे केला. मंत्री असताना मागे स्वीय सहायक देशमाने उभे असायचे. ते हार घेईपर्यंत दुसरा गळ्यात पडलेला असायचा. रात्री ते सगळे हार गाडीच्या डिकीतून निघायचे आणि शालिनीबाई गाईपुढे टाकायच्या.

आज मागे कुणीच नव्हतं. हार हातात लोंबत राहिला. समोरचे लोक बघू लागले, तसा दादासाहेबांचा चेहरा उतरला.

मागच्या रांगेतून शालिनीबाई उठून व्यासपीठावर आल्या. त्यांनी हार घेतला आणि सरळ नवऱ्याच्या गळ्यात घातला.

“असू द्या,” त्या हळूच म्हणाल्या. “आज दुसरा यायचा नाही.”

“मंगलाष्टकं म्हणायची का हो, वहिनीसाहेब?” पुढून एक म्हातारी ओरडली, आणि सारा मांडव हसला.

दादासाहेबही हसले. सकाळपासून पहिल्यांदाच ते खुर्चीला पाठ टेकून बसले.