ओरडायचं नाही

दार मागून लागलं तेव्हा केदारला आधी रागच आला. कोळंबीच्या खोक्यांवरचे शिक्के तपासायला तो दोन मिनिटांसाठी कोल्ड रूममध्ये शिरला होता आणि कुणीतरी जाता जाता सवयीने दार ढकलून दिलं होतं.

त्याने आतला दांडा ओढला. दांडा सुटून हातात आला. घंटीचं बटण दाबलं, घंटी वाजली नाही.

मग मात्र त्याने हिशेब केला. आत उणे अठरा, आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मासेमारी जूनपासून बंद, म्हणून बोईसरच्या त्या कारखान्यात सध्या एकच पाळी चालायची, ती चारला सुटायची. म्हणजे हे दार आता उघडणार ते उद्या सकाळी सातला. तोवर केदारचं काय होईल हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

दार वीतभर जाड होतं, बडवून हातच सुजले. फोन काही केल्या लागत नव्हता, मेसेज तेवढा रडतखडत जायचा. बॅटरी बारा टक्के, आणि गारठ्याने ती डोळ्यांदेखत उतरत होती. त्याने कारखान्याचा ग्रुप उघडला आणि बोटं फिरतील तसं इंग्रजीत लिहिलं की मी आत अडकलोय, दार उघडा. घाबरलेला माणूस, सगळी अक्षरं मोठी पडली. पावणेचार झाले होते. कामगारांचे फोन पाळी सुटेपर्यंत गेटजवळच्या पेटीत कुलूपबंद असत, तेव्हा पंधरा मिनिटं कुडकुडत थांबण्यावाचून इलाज नव्हता.

आता हा ग्रुप म्हणजे सुपरवायझर केदारचंच लाडकं लेकरू. माल घेणारा परदेशी साहेब (त्याच्याकडे आत्ता पहाट, तो झोपलेला) त्यात होता, म्हणून तिथे मराठी बंद. कामगार बिचारे बर्फ संपला, टेम्पो आला असं जमेल तसं इंग्रजीत कळवायचे, पण अथपासून इतिपर्यंत कॅपिटल. साहेबाच्या रीतीने सगळं कॅपिटल म्हणजे आरडाओरडा, त्याने एकदा नम्रपणे विचारलं की तुमची माणसं सारखी ओरडत का असतात? मालकाने केदारला झाडलं आणि केदारने सगळ्यांना.

"साहेब, आमी ओरडत नाय," दातिवऱ्याहून येणारा, बर्फाच्या मशीनवरचा देवू म्हणाला होता. "फॉर्मावर लिवलेलं असतं ना, मोठ्या अक्षरात भरा. तीच सवय हाय."

केदारने ऐकून घेतलं असतं तर तो केदार कसला! त्याने शाळाच काढली. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, माणसाचं नाव मोठं, 'आय' मोठा, बाकी सगळं गुमान लहान. पाळी सुटली की तो ग्रुपवर एक वाक्य टाकायचा, 'द फ्लोअर इज वेट. प्लीज वॉक स्लोली' असलं काहीतरी, आणि बसमध्ये बसल्या बसल्या प्रत्येकाने ते उतरवून पाठवायचं. पॅकिंगमधली नवसी चाळिशीत एबीसीडी शिकलेली बाई, तिचा 'आय' हटकून लहान पडायचा आणि केदार तो चारचौघांत दाखवायचा. शिवाय, सगळा मेसेज कॅपिटलमध्ये असला तर त्याला कुणी उत्तर द्यायचंच नाही, हा कडक नियम. परीक्षा म्हणून एकदा त्याने स्वतःच तसा मेसेज टाकला होता. पॅकिंगमधल्याच रूपेशने भोळेपणाने उत्तर दिलं आणि आठवडाभर बोलणी खाल्ली.

आणि तो दांडा! मे महिन्यात देवूने कळवलं होतं की कोल्ड रूमचा आतला दांडा तुटलाय, घंटीही बंद हाय. कळवलं मोठ्या अक्षरांत. केदारने पुन्हा लिहायला लावलं. देवूने नीट लिहून पाठवल्यावर 'व्हेरी गुड' म्हणून अंगठा दिला, आणि दांडा राहिला तो राहिलाच. हे आठवलं तेव्हा केदारने हातातल्या त्या दांड्याकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

चार वाजले. एकेकाने मेसेज पाहिल्याच्या खुणा उमटू लागल्या. देवूने पाहिला, नवसीच्या शेजारी पॅकिंग करणाऱ्या मोनालीने पाहिला, रूपेशने पाहिला. उत्तर मात्र एकाचंही नाही.

केदार आधी वैतागला, मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांना वाटतंय, साहेब पुन्हा परीक्षा घेतायत!

बॅटरी चार टक्के. बोटं लाकडासारखी झालेली. त्याने ती काखेत धरून जरा ऊब दिली आणि एकेक अक्षर निगुतीने टिपलं. 'आय' मोठा, 'प्लीज'चा 'पी' मोठा, दोन्ही वाक्यांना पूर्णविराम. 'आय ॲम लॉक्ड इन द कोल्ड रूम. प्लीज ओपन द डोअर.' चार वाजून सात मिनिटांनी मेसेज गेला. बस आता जेमतेम गेटबाहेर पडली असेल, मागे वळायला कितीसा वेळ!

बघता बघता सगळ्यांनी वाचला. देवू काहीतरी लिहीत होता. मोनाली लिहीत होती. रूपेशसुद्धा. केदारचे डोळे भरून आले. बाहेर पडलो की आधी देवूची माफी मागायची, तीही सगळ्यांदेखत, असं त्याने ठरवून टाकलं.

फोन थरथरला. देवूचा मेसेज होता.

'आय ॲम लॉक्ड इन द कोल्ड रूम. प्लीज ओपन द डोअर.'

मोनालीचाही तोच. रूपेशचाही तोच. मग धडाधड सगळ्यांचे आले, एकाचीही चूक नाही. पडदा काळा होता होता शेवटचा नवसीचा आला, आणि आज पहिल्यांदाच तिचा 'आय' मोठा होता.