गावनात्याचे आजोबा

"माही बायको कुठी गेली वं?" अर्जुनराव फाटकातूनच ओरडले.

अंगणात चार बायका कुरडया टाकत होत्या. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून नीट पडतो, म्हणून हात घाईत होते. अर्जुनराव गल्लीतले, गावनात्यानं आजोबा. नातीला बायको म्हणायची थट्टा उंद्री गावात घरोघर चालायची.

"नवरी लपली पाहा!" समोरच्या घरच्या सिंधूताई मोठ्यानं हसल्या.

नऊ वर्षांची ईश्वरी आईच्या, प्रतीक्षाच्या, पाठीला चिकटली. तिची बोटं दंडात रुतली तशी प्रतीक्षाचा हात थांबला.

अर्जुनराव खाटेवर बसले. मांडी थोपटत म्हणाले, "ये, चाकलेट आनलं तुले."

"जाय ना वं," सासूबाई म्हणाल्या. "आजोबाले भेते का कोनी?"

"ते येनार नाही, मामाजी," प्रतीक्षा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "अन् तिले बायको म्हनू नका."

"अवं, मजाक हाय."

"मजाक असती त ते हसली असती."

अर्जुनराव सासूबाईंकडं पाहत उठले. "शिकेल सून आनली बाप्पा अंबूबाईनं! आता लेकराशी बोलाले अर्ज करा लागते." ते हसत हसत गेले. बाकी कोणी हसलं नाही. प्रतीक्षाकडं कोणी पाहिलंही नाही.

"म्हाताऱ्या मानसाचं तोंड काळं केलं तू," सासूबाई म्हणाल्या.

"मी काय म्हटलं, आत्याबाई?"

"थेच त. न म्हनता म्हटलं." त्या आत निघून गेल्या.

सिंधूताईंना गॅसवरचं दूध आठवलं. शेजारच्या पुष्पाबाईंना नळाची वेळ. जाताना कोणी 'येतो' म्हटलं नाही.

पातेल्यात चीक निवत चालला. प्रतीक्षा एकटीच सोऱ्या दाबत राहिली. कुरडई मधेच तुटत होती.

"आई, नाही म्हनलं त चालते?"

"चालते."

"मोठ्या मानसालेही?"

"हाव. कोनालेही."

ईश्वरीनं तुटलेली कुरडई बोटानं जोडली. मग म्हणाली, "मंग करिष्माले कोन सांगन?"

करिष्मा सिंधूताईंची लेक. ईश्वरीच्याच वर्गातली.

"तिले काऊन?"

"ते रडते. पन आजोबाकडे जाते."

प्रतीक्षानं सोऱ्या खाली ठेवला. हात धुवायचंही सुचलं नाही. रस्ता ओलांडून तिनं सिंधूताईंच्या दारावर थाप मारली.

"कोन हाय?"

"मी. प्रतीक्षा."

आत भांडी वाजत होती, ती थांबली. कडी काही निघाली नाही. निळ्या दारावर चिकाचा पांढरा पंजा उमटला होता. त्याच्या शेजारी तिनं दुसरी थाप मारली.