एकडोळ्याचा दुसरा डोळा

मध्यंतर व्हायच्या आतच ती खुर्चीतून उठली. शेजारच्या बाईंनी पाय आखडून घेत विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तिने नुसती मान हलवली.

पडद्यावर सतरा वर्षांचा कप्तान बंदराच्या धक्क्यावरच्या गर्दीला सांगत होता, "तो स्वतःच पडला. मी पाहिलं ना!" त्याच्या पायाशी त्याचा जिवलग मित्र डोळ्यावर हात दाबून बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं. तो काहीच बोलला नाही. हाच मित्र पुढे एकडोळ्या होणार आणि चार सिनेमे कप्तानाच्या जिवावर उठणार, हे सगळ्या थिएटरला पाठ होतं. डोळा कप्तानानेच फोडला होता, थट्टेत वल्हं फिरवताना, हे मात्र आज कळत होतं. त्या चार सिनेमांच्या आधीची गोष्ट आत्ता कुठे पडद्यावर आली होती.

बाहेर टळटळीत ऊन होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. कप्तानाचा फोटो तिच्या टेबलासमोर चिकटवलेला होता आणि आज तिने मुद्दाम अर्धी रजा टाकली होती. आता रजाही अंगावर येत होती. बसस्टॉप मागे पडला, दुसराही पडला. ती चालतच राहिली.

एकडोळ्याला ती किती हसली होती! त्याला एका डोळ्याने अंतर कळायचं नाही. पायरी चुकायची, पेला हातातून निसटायचा, डोलकाठीवर डोकं आपटायचं. दर वेळी थिएटर खदाखदा हसायचं आणि सगळ्यांत मोठ्याने ती.

घरी खेळतानाही कप्तान तीच व्हायची. धाकट्या बहिणीच्या डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि तिला जिन्यावरून खाली पिटाळायचं.

चालता चालता ती त्याच बहिणीच्या दुकानासमोर येऊन थांबली. बारकी फोटोंना फ्रेम करून द्यायची. टेबलावर चार फुटी काच आडवी पडली होती आणि बारकी काच कापायच्या हिरकणीने तिच्यावर रेघ ओढत होती. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. टेबलाची उंची तिने त्या कोपराला बेतूनच करून घेतली होती.

"ताई? या वेळेला?"

"सिनेमाला गेले होते."

"सुटला एवढ्यात?"

"उठून आले. तू पाहिलास?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला बोलली नाहीस ते?"

"काय बोलणार? कप्तान म्हणजे तुझा जीव की प्राण." बारकीने रेघ पुरी केली. "मला तर हसू आलं. एरवी एकडोळ्या अडखळला की सगळे हसायचे, मी सोडून. या वेळी सगळे चिडीचूप, म्हणून मला हसू फुटलं. मागच्या माणसाने शुक शुक केलं."

ताई दुकानात दोन पावलं आली, परत दाराशी गेली, परत आत आली.

"बारके, त्या दिवशी जिन्यावर तू पडली नव्हतीस. मी ढकललं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पाठीला हात लागला की कळतं गं."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"तू आधीच सांगून मोकळी झाली होतीस, बारकी धांदरटासारखी धावत होती, पडली म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी तू मला कप्तान केलंस. हात गळ्यात बांधलेला, पण दिवसभर मीच कप्तान." बारकी हसली. "मला वाटलं, सौदा फायद्याचा झाला."

ताईला ते हसणं सोसलं नाही. तिने तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि आईला लावला. बारकी "राहू दे, राहू दे" म्हणत होती, पण तोवर आईने उचललाही होता.

"आई, बारकीचा हात मोडला होता ना, ती पडली नव्हती. मी तिला ढकललं होतं."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"कधी? आत्ता?"

"आत्ता नाही गं. लहानपणी. जिन्यावर."

"केवढं घाबरवलंस मला!" आईचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. "आणि काहीतरी काय? तू कशाला ढकलशील? ती पहिल्यापासूनच धांदरट. तिच्याकडे आली आहेस होय? मग जरा लांब उभी राहा बाई, तिच्या हातात काच असते."

"आई, ऐक तरी. मी खरं सांगतेय."

"बरं बरं. माझी भाजी करपतेय." फोन बंद झाला.

ताईने फोन पर्समध्ये टाकला. बारकीने काच टेबलाच्या कडेवर आणून हलकेच दाबली. टक् असा आवाज झाला आणि रेघेवरून दोन तुकडे वेगळे झाले. कुठे टवकासुद्धा उडाला नाही.

"आलीच आहेस तर हे टोक धर," ती म्हणाली. "मोठी काच एकटीला उचलत नाही, कोपर आड येतं."

ताईने टोक धरलं. दोघींनी काच उचलली. दिवसभर दाताएवढ्या जिनसा हाताळणाऱ्या तिला एवढी काच धरायची सवय नव्हती. काचेवरचा उजेड छतावर थरथरायला लागला.

"हलवू नकोस, ताई," बारकी म्हणाली. "फुटली तर नाव माझंच यायचं."