संयोगिता आली तेव्हा

परदेशी सरकारनं मदत थांबवली आणि उंब्रजचं एचआयव्ही तपासणी केंद्र बंद झालं. तिथली कार्यकर्ती अल्फिया सामान आवरत असतानाच संयोगिता तापानं फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन दारात आली. संयोगिताचा नवरा एड्सनं गेल्यापासून अल्फिया तपासणी करून घ्या म्हणून तिच्या घरी चकरा मारत होती आणि संयोगिता दार लावून घेत होती. “आवं ताई, माझं रगात तपासा, पोरीचंबी तपासा.” अल्फियानं रिकामं कपाट उघडून दाखवलं. तपासणीचं साहित्य सकाळीच परत गेलं होतं. “कराडच्या सरकारी दवाखान्यात फुकट करतात. चला, मी येते.” “तिथं समदं गाव असतंय. तुमच्याकडं बघून आले. पुढं दर महिन्याला गोळ्यांना याल?” अल्फियानं खरं ते सांगून टाकलं. सोमवारपासून ती साताऱ्याच्या कापडदुकानात कामाला लागणार होती. तरी दोघी स्टँडवर गेल्या. कराडची गाडी आली आणि सुटली. संयोगिता बाकावरून उठली नाही.